‘नाकाडे’ या चांदीच्या नाण्याबाबत

जबाब देणार : तक्रारदारांची थोरली मुलगी. वय : ४६ वर्षे. धंदा : नोकरी, चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवण्याचे काम. राहणार : वडिलांसोबत, मंडईमागचा रस्ता, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा मजला.

मी आज दुपारी स्वतःहून पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी आणि माझे वडील असे दोघेच राहतो. आई वारली त्याला काही वर्षे झाली. मी लग्न केलेले नाही, हे विचारल्यावरून सांगत आहे. वडील बटणांच्या कारखान्यात ठसे मारण्याच्या यंत्रावर होते, आता निवृत्त आहेत. त्यांना जुनी रोमन चांदीची नाणी जमवण्याचा छंद आहे. त्यांपैकी एक नाणे चोरीला गेल्याची तक्रार त्यांनी गेल्या महिन्यात याच ठाण्यात दिली आणि संशयित म्हणून त्यांच्या मित्राचे नाव सांगितले. त्या मित्राला आम्ही घरात शिंपीकाका म्हणतो. ते नाणे चोरीला गेलेले नव्हते. ते माझ्या दुकानात होते. मला ते काल सापडले आणि मी ते सोबत आणले आहे.

लेखनिकांनी विचारले, एवढेच लिहायचे ना, म्हणजे सही घेऊन मोकळे होता येईल. मी म्हटले, एवढे लिहिले तर शिंपीकाका सुटतील, पण झाले काय ते कोणाला कळणार नाही. तपास अधिकारी मॅडम म्हणाल्या, "सगळं सांगा, बाई. कागद सरकारचा आहे." म्हणून सविस्तर सांगते.

सदर नाणे कोटाच्या बटणाएवढे आहे. कड सगळीकडे सारखी गोल नाही, एका बाजूला किंचित चेपलेली आहे. एका अंगाला राजाचा चेहरा आहे. डोक्यावर पानांचा मुकुट, मान लांब, आणि नाक असे की चेहऱ्यात पहिल्यांदा तेच दिसावे. मी लहान असताना त्याला नाकाडे म्हणायला लागले, तेव्हापासून घरात तेच नाव पडले. कानापासून गालावरून खाली गळ्यापर्यंत एक बारीक उंचवट्याची रेघ गेली आहे. ही नाण्याची ओळखीची खूण म्हणून तक्रारीत लिहिलेली आहे. दुसऱ्या अंगाला हातात तराजू घेऊन उभी असलेली बाई आहे. वडिलांनी हे नाणे एका चांदीकाम करणाऱ्याकडून घेतले होते. तो जुनी चांदी वितळवायला बसला होता आणि त्याच्या ढिगात हे पडले होते. वडील म्हणतात, मुशीच्या तोंडातून काढून आणले. आई म्हणायची, एक सासरे पुरले नाहीत म्हणून दुसरे आणून बसवलेत, आणि हेही तसेच, नुसते नाक वर करून बघतात.

मी शाळेत जाण्याच्या वयाची असताना दर रविवारी वडील मला हात धुवायला लावून हे नाणे माझ्या तळहातावर ठेवत. ते सुरुवातीला गार लागे. वडील म्हणत, "मूठ मीट. आता थांब." थोड्या वेळाने ते गरम होई. इतके गरम, की ते कुठे संपते आणि हात कुठे सुरू होतो ते कळत नसे. मग ते म्हणत, "असं दोन हजार वर्षं चाललंय. कोणाच्या तरी हातात गरम व्हायचं, मग पडून राहून गार व्हायचं. आत्ता तुझी पाळी." गालावरच्या रेघेबद्दल मी विचारले होते, की याला लागले होते का. तेव्हा त्यांनी सांगितले, की राजाला काही लागलेले नाही, ज्या ठशातून तो निघाला त्या ठशाला तडा गेला होता. हातोडा बसला की चांदी त्या तड्यात वर चढते आणि रेघ होऊन राहते. मला तेव्हापासून वाटत आले आहे, की ती रेघ म्हणजे त्या एका घावाचा आवाजच आहे, फक्त तो ऐकू येत नाही. लेखनिकांनी हे वाक्य घ्यायचे का, असे विचारले. घ्यावे.

शिंपीकाका आणि वडील यांची ओळख बटणांवरून झाली. काका कोट शिवत. बटणे घ्यायला कारखान्यात येत. जेवणाच्या सुट्टीत वडील भिंगातून नाणे बघत बसलेले त्यांनी पाहिले आणि दुसऱ्या दिवशी बटणे नको असतानाही आले. तेव्हापासून दोघे मिळून नाणी जमवतात. वडिलांच्या प्रत्येक नाण्याला काकांनी मखमलीची पिशवी शिवून दिलेली आहे. शहरातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत रविवारी नाणी जमवणाऱ्यांचे मंडळ भरते, तिथे दोघे शेजारी बसून भांडतात. नाकाडे काकांना फार आवडे. "मला नाकाडे दे, माझी पेटीच्या पेटी घेऊन जा," असे ते पन्नास लोकांत म्हणत. वडील म्हणत, "मी मेल्यावर ये." काका म्हणत, "तू मरायचा नाहीस, तू मलाच पोचवशील." हे संभाषण तक्रारीत चोरीचा हेतू म्हणून लिहिलेले आहे. ते तसे नव्हते.

वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांचेच काम करते आणि माझ्या घरातला माणूस वर्षानुवर्षे पिवळ्या धुक्यातून बघत होता. शस्त्रक्रियेला ते तयार होत नव्हते. कारण विचारले की म्हणत, मला पुरेसे दिसते. नाणी ते भिंगाखाली धरून बघत, त्यातही चेहऱ्याचा मधला भागच. शेवटी काकांनी त्यांना तयार केले. काय बोलले ते मला माहीत नाही. दोघे गॅलरीत बसले होते, आणि आत आल्यावर वडील म्हणाले, "तारीख घे."

दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया एकाच दिवशी करायचे ठरले होते. त्या दिवशी काका आमच्याबरोबर दवाखान्यात होते. वडील स्थिर पडून राहत नव्हते म्हणून डॉक्टरांनी त्यांना गुंगीचे औषध दिले. आत नेल्यावर थोड्या वेळाने परिचारिकेने चष्म्याचे घर बाहेर आणून माझ्या हातात दिले. मी ते पर्समध्ये टाकले. नंतर मी औषधे आणायला खाली गेले. तोपर्यंत वडिलांना खाटेवर आणले होते आणि काका त्यांच्या उशाशी बसले होते. मी परत आले तेव्हा वडील जागे होत होते. त्यांचा उजवा हात काकांच्या दोन्ही हातांत होता. मला ते बघून बरे वाटले होते.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर वडिलांनी आधी नाण्यांची पेटी मागितली. झाकण उघडले आणि ते एकेका खणावर वाकून बघत राहिले. मला वाटले, दिसत नाही की काय. मग म्हणाले, "चांदी निळी असते?" मी म्हटले, "थोडी निळसर असते, बाबा." ते म्हणाले, "मला कोणी सांगितलं नाही." मोतीबिंदू निघाल्यावर सगळे रंग बदलतात, पिवळेपणा जातो, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते. त्यांना आधी सांगायचे राहिले होते, ते तेव्हा सांगितले. मग त्यांनी एका खणावर बोट ठेवले आणि म्हणाले, "नाकाडे जागेवर नाहीत." आम्ही घर धुंडाळले. मी गाद्या उसवल्या. वडील खुर्चीत बसून माझ्याकडे बघत राहिले. शोधायला उठले नाहीत. त्याचे मला तेव्हा नवल वाटले होते.

त्यानंतरच्या रविवारी मी वडिलांना काळा चष्मा लावून मंडळात घेऊन गेले. काका आधीच आलेले होते. त्यांच्या पुढ्यात त्यांची काच बसवलेली पेटी होती आणि तिच्यावर रुमाल टाकलेला होता. ते हसत होते. म्हणाले, "चष्मा काढ. डोळे मीट. मीट रे, नवीन आहेत म्हणून लगेच उधळू नकोस." वडिलांनी मिटले. काकांनी रुमाल काढला. "आता उघड."

पेटीच्या मधल्या खणात एकच नाणे होते. चेहरा वर, गालावर रेघ.

वडील म्हणाले, "हे माझे नाकाडे."

काका म्हणाले, "अरे, आधी नीट तर बघ..."

"नीटच बघतोय. जन्मात पहिल्यांदा नीट बघतोय. ही रेघ माझी आहे. चोर आहेस तू. माझा हात धरून बसला होतास आणि चोर आहेस!"

हात धरण्याचा काय संबंध, ते खोलीत कोणालाच कळले नाही. मलाही नाही. मी म्हटले, "बाबा, आपलं नाणं काळपट आहे. हे उजळ आहे." वडील म्हणाले, "माझे डोळे बदललेत. रंग बदलणारच." हे खरे होते आणि मीच त्यांना ते सांगितले होते. काकांनी पेटीचे झाकण लावले. ते फक्त "हे माझं आहे" एवढे म्हणाले. मग रुमालाची घडी घातली. ती त्यांनी दोनदा मोडून पुन्हा घातली.

तक्रार दिल्यावर पोलिसांनी ते नाणे ताब्यात घेऊन पारदर्शक पाकिटात बंद केले आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला लेबल चिकटवले. ओळख पटवण्यासाठी वडिलांना ते दाखवण्यात आले. त्यांनी चेहरा आणि रेघ पाहून ओळखले व सही केली. काकांनी आपल्या जबाबात "नाणे माझे आहे" यापलीकडे काही सांगितले नाही. कुठून आणले विचारल्यावर ते गप्प राहिले. मंडळाने चौकशी संपेपर्यंत येऊ नये असे त्यांना कळवले. त्यांचे दुकान आता त्यांची सून चालवते. ती माझ्या दुकानात आली होती. चष्मा करायचा नव्हता. उभी राहून म्हणाली, "ताई, बाबा यंत्राला दोरासुद्धा लावत नाहीत. कात्री समोर घेऊन बसतात. तुम्ही तरी सांगा, ते असं करतील?" मी म्हटले, नाही. ती म्हणाली, "मग हे तुमच्या बाबांना सांगा ना." मी सांगितले होते. ते मी तिला सांगितले नाही.

आमच्या दुकानात दाराशी एक खोके ठेवलेले आहे. लोक जुने चष्मे त्यात टाकतात. मी सवडीने एकेकाचा नंबर यंत्रावर मोजून चिठ्ठी लावते आणि ते गरजूंना पाठवले जातात. शस्त्रक्रियेनंतर वडिलांना जुना चष्मा लागणार नव्हता. म्हणून त्याच आठवड्यात मी तो घरासकट खोक्यात टाकला होता. काल काम कमी होते म्हणून खोके उपसायला घेतले. वडिलांचे चष्म्याचे घर मी ओळखले. उघडले. चष्मा काढला, त्याखालचे पुसायचे फडके काढले, तेव्हा काहीतरी टेबलावर पडून गरगरले आणि थांबले. चेहरा वर होता.

मी दुकानाचे दार लोटून घेतले. नंतर जे केले त्याचा चौकशीशी संबंध नाही, तरी सांगते. माझ्या कामाचे भिंग वडिलांच्या भिंगाच्या कितीतरी पट मोठे करून दाखवते. मी ते नाणे त्याखाली धरले. चाळीस वर्षे ते माझ्या ओळखीचे आहे आणि मी ते काल पहिल्यांदा पाहिले. मुकुटाच्या पानांवर शिरा आहेत. मानेवर म्हातारपणाच्या दोन वळ्या आहेत. डोळ्याच्या वरच्या पापणीला कड आहे. कान झिजून गुळगुळीत झाला आहे, कारण अंगठा तिथेच बसतो. माझाही तिथेच बसला. ज्या माणसाने हा ठसा कोरला त्याने हे सगळे उलटे, आणि उंचाच्या जागी खोल असे कोरले असेल, तेही बटणाएवढ्या जागेत. तेव्हा चष्मे नव्हते. मी एवढी वर्षे काचा घासते आहे. त्या माणसाचा नंबर काय असेल, असे माझ्या मनात आले आणि मी पुन्हा भिंगावर वाकले.

तिथून मी तशीच दवाखान्यात जाऊन, चष्म्याचे घर आणून देणाऱ्या त्या परिचारिकेला भेटले. तिला आठवत होते. ती म्हणाली, "आजोबांची मूठ उघडत नव्हती. मी म्हटलं, आजोबा, आत काही नेता येत नाही. तर म्हणतात, पाहुणे आहेत, बसू दे. मग गुंगीत मूठ सैल पडली तेव्हा मी काढून चष्म्याच्या घरात ठेवलं. त्यांना सांगितलं होतं की मी. हो हो म्हणाले." ती बाहेर आली तेव्हा कोणाला तरी दुसरीकडे नेण्याची धावपळ चालू होती, म्हणून मला सांगायचे तिच्याकडून राहिले. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

काल संध्याकाळी मी नाणे वडिलांपुढे ठेवले आणि सांगितले. त्यांनी ते उचलले नाही. तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा सांगितले, की त्या सकाळी त्यांनी नाकाडे पेटीतून काढून मुठीत नेले होते. डोळे गेलेच तर शेवटचे हातात काय असावे, याचा त्यांनी विचार केला होता. मी रागावेन म्हणून बोलले नाहीत. शुद्ध आली तेव्हा मूठ उघडी होती आणि काकांच्या हातात होती. घरात शोधताना ते का उठले नाहीत ते मला कळले.  मग ते म्हणाले, "म्हणजे त्याने घेतलं नव्हतं." आणि थोड्या वेळाने, वेगळ्याच आवाजात, "मग त्याच्याकडे आहे ते काय आहे?"

मी म्हटले, मला माहीत नाही.

"रेघ होती गं. मी पाहिली. तीच रेघ."

आज ठाण्यात वडील माझ्याबरोबर आले. शिंपीकाकांना बोलावणे गेल्यावरून तेही आले. ते खिडकीजवळच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून बसले. वडिलांनी दोनदा हाक मारली. काका म्हणाले, "मॅडम, चोराला बोलायची परवानगी आहे का?" मॅडम म्हणाल्या, "आहे." काका म्हणाले, "मग चोराला बोलायचं नाही."

मॅडमनी टेबलावरच्या फायली बाजूला केल्या. सीलबंद पाकीट काढले, आमच्या समक्ष फोडले आणि आतले नाणे कोऱ्या कागदावर ठेवले. मी आमचे नाणे त्याच्या शेजारी ठेवले. ठेवताना कडेला कड लागून बारीक आवाज झाला. मी माझे भिंग मॅडमना दिले. त्यांनी एकदा इकडे, एकदा तिकडे असे बराच वेळ पाहिले. तेच नाक. तोच मुकुट. कानापासून गळ्यापर्यंत तीच रेघ, त्याच जागी तशीच वळलेली. एक काळपट, एक उजळ. एक चेपलेले, एक जरा लांबट. लेखनिक लिहायचे थांबून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, एवढी सारखी म्हणजे यातलं एक नकली असणार." हे ऐकून काकांची पाठ ताठ झालेली मी पाहिली.

मॅडम म्हणाल्या, "उलटून बघितलंय का कोणी?"

कोणी बघितलेले नव्हते. मंडळात ते काचेखाली होते. पाकिटाला मागून लेबल होते.

त्यांनी आधी आमचे उलटले. तराजूवाली बाई. मग काकांचे उलटले. त्यावर बाई नव्हती. दोन हात होते. मनगटापासून पुढचे, एकमेकांत धरलेले. दुसरे काही नव्हते.

वडील खुर्चीवरून उठले. त्यांचा उजवा हात हवेत वर गेला आणि खाली आला. कारखान्यातल्या यंत्राचा दांडा ओढत तसा. तो तीन-चारदा वरखाली झाला. त्यांना ते कळत होते असे वाटत नाही. मॅडमनी विचारले, "काय झालं, आजोबा?" ते म्हणाले, "खालचा ठसा ओंडक्यात रोवलेला असतो. वरचा हातात धरायचा, त्यावर हातोडा. मार वरच्याला बसतो, म्हणून वरचा आधी फुटतो. मग दुसरा घ्यायचा. खालचा तोच राहतो." ते थांबले. "चेहरा खाली. हा तराजू वर होता. तो फुटला असेल, मग हे हात घेतले. किंवा हे आधी. पण त्याच ओंडक्यावर, मॅडम. त्याच तड्यावर. तडा गेल्यावर ठसा फार टिकत नाही. जवळजवळची आहेत ही. भाऊ आहेत." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जन्मभर एकाच ठशातून ढिगाने बटणं काढली मी. आणि माझ्या नाण्याला भाऊ असेल हे माझ्या टाळक्यात आलं नाही."

 बाहेर कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होते, ती होत नव्हती. लेखनिकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. कशासाठी ते त्यांनाही सांगता आले नाही, मी विचारले. वडिलांनी मला पूर्वी सांगितले होते, की चांदीची चकती तापवून ठशावर ठेवत. म्हणजे ही दोन्ही एकाच भट्टीतून निघून, एकाच माणसाच्या हातोड्याखालून, कदाचित एकाच टोपलीत पडली असतील, गरम असतानाच. मग कोणीतरी मूठ भरली आणि ती दोन वाटांना लागली. त्यानंतर किती राज्ये आली नि गेली. एक कुठल्या मातीत होते, एक कुठल्या पेटीत, कोणाला माहीत नाही. आणि आज ती आपल्या ठाण्याच्या टेबलावर, पेपरवेट आणि शाईच्या गादीच्या मध्ये, पुन्हा एकमेकांना लागली. तो बारीक आवाज मी केला होता. माझ्या हाताने झाला होता. मला माझा हात कुठे ठेवावा ते कळेना.

तेव्हा शिंपीकाका बाकावरून उठले. टेबलाशी आले. वडिलांकडे न बघता म्हणाले, "सरक. मलाही बघू दे."

वडील सरकले.

दोघे एका भिंगावर वाकले. वडिलांनी विचारले, "तुला माहीत होतं?"

"होतं म्हणजे? त्याचसाठी तर आणलं. बंदराकडच्या एका व्यापाऱ्याकडे दिसलं. रेघ बघितली आणि ओळखलं. तो सोडायला तयार नव्हता. माझी पेटी रिकामी केली त्याच्यापुढे. म्हटलं, ह्याला नवे डोळे येतायत, उघडल्या उघडल्या नाकाड्यांचा भाऊ दिसू दे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगू? चोर म्हणायच्या आधी की नंतर?"

वडिलांनी भिंग खाली ठेवले.

"नुसतं उलट म्हणाला असतास," काका म्हणाले. "मी वाट बघत होतो. मंडळात बघितली, इथे बघितली. म्हटलं, एवढा जुना दोस्त आहे, कधीतरी म्हणेल, उलटून दाखव."

मॅडमनी काकांना विचारले, की हे त्या दिवशी सांगितले असते तर इथपर्यंत यावे लागले नसते, मग का सांगितले नाही. काका म्हणाले, "मॅडम, भेट होती ती. पुरावा म्हणून कशी देऊ?"

वडिलांनी काकांचे पाय धरायला वाकण्याचा प्रयत्न केला. काकांनी त्यांना दंडाला धरून उभे केले आणि म्हणाले, "डोळ्यांवर ताण येईल, मूर्खा. डॉक्टरने वाकायला मनाई केलीय." मग म्हणाले, "रविवारी मंडळात सांगशील? सगळ्यांसमोर?" वडील म्हणाले, "उभा राहून सांगेन." काका म्हणाले, "बसून सांगितलंस तरी चालेल. मोठ्याने सांग." ते हसले नाहीत. वडीलही हसले नाहीत. दुखावलेले सगळे आजच्या दिवसात भरून आले असे मी म्हणणार नाही, कारण जबाबात खरे सांगायचे असते.

तरी मी सांगते की, माझ्या वडिलांचे कोणतेही नाणे चोरीस गेलेले नाही. जप्त केलेले नाणे शिंपीकाकांचे स्वतःचे आहे. त्यांच्याविरुद्ध माझ्या वडिलांची तक्रार गैरसमजातून झाली होती आणि ती चौकशी बंद व्हावी अशी वडिलांची व माझी विनंती आहे.

दोन्ही नाणी एकत्र आल्याची नोंद कोणत्या रजिस्टरात करायची, असे लेखनिकांनी मॅडमना विचारले. हरवलेल्यांचे रजिस्टर आहे, सापडलेल्यांचे आहे. मॅडमनी विचार करून सांगितले, की तसे रजिस्टर नाही, या जबाबातच राहू दे. म्हणून वरचा मजकूर लांबला असला तरी तो कमी करू नये.

हा जबाब लेखनिकांनी मला, वडिलांना आणि शिंपीकाकांना मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. ‘एक सासरे पुरले नाहीत’ हे वाक्य वडिलांनी काढायला सांगितले आणि काकांनी ठेवायला सांगितले. ते ठेवले आहे. आपापले नाणे उचलून पावतीवर सही करावी असे दोघांना सांगण्यात आले. मी माझी सही केली आहे. त्या दोघांची व्हायची आहे. आधी कोणी उचलायचे म्हणून दोघेही उभे आहेत, आणि नाणी अजून टेबलावर, शेजारी शेजारी आहेत.